आपल्या माळाची तब्येत कशी बघायची: चुनखडीच्या हलक्या रानातल्या गवतासाठी

श्रावणात बालाघाटावरचा कुठलाही माळ बघा, हिरवागारच दिसणार. पाटोदा, आष्टी, भूम, कळंब, तिकडं अंबडकडची बरडं, म्हणजे उथळ दगडाळ रानं, सगळी सारखीच हिरवी. पण त्या हिरव्यात मारवेल, शेडा ही चांगली गवतं किती आणि टाकळा न् गाजरगवत हे तण किती हे वाकून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि माळाचं बरंवाईट सगळं त्यावरच ठरतं. लोक दोन चुकीच्या गोष्टींवरून माळ मोजतात, एक म्हणजे तो किती हिरवा दिसतो आणि दुसरं म्हणजे त्यावर झाडं किती आहेत. ह्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवा. माळ तगतो तो बारमाही गवताच्या ठोंबांवर, म्हणजे एका बुडातून फुटलेल्या झुबक्यांवर, आणि त्या ठोंबांनी धरून ठेवलेल्या वीतभर मातीवर, तेच मोजायला शिकायचंय. फार सामान लागत नाही, डिग्री तर अजिबातच लागत नाही.

आधी जमीन ओळखा

चुनखडी म्हटलं की पुस्तकातला पांढरा खडू डोळ्यापुढं येतो, तो समुद्रातल्या बारीक जिवांच्या कवचांपासून झालेला. आपल्याकडं तसं नाही. आपला खडक बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजताना त्यातला कॅल्शियम सुटा होतो, भरपूर पाऊस असता तर तो वाहून गेला असता, पण आपल्याकडं पाऊसच बेताचा म्हणून तो तिथंच चुन्याच्या रूपात साठत जातो. मुरमाच्या वर, मातीच्या खालच्या थरात, कधी पांढरट भुकटी म्हणून तर कधी वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या खड्यांच्या रूपात. हेच खडे पूर्वी भट्टीत भाजून चुना करायचे आणि घाण्यात मळून वाड्यांच्या भिंतींना वापरायचे.

तपासायला सोपं आहे. पहारीनं वीत-दीड वीत खड्डा घ्या, खालची माती चमचाभर काढा, पांढरा खडा असेल तर दगडानं कुटून पूड करा आणि वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले की चुना आहे. मान खाली घालून, कान जवळ नेऊन बघा कारण लिंबानं फसफस हळू होते. गारगोटी पण पांढरीच असते पण ती फसफसत नाही. एक लक्षात ठेवा, बेसाल्टच्या पोकळ्यांमधे कॅल्साइटचे स्फटिक पण सापडतात आणि ते मात्र फसफसतात, म्हणून नुसत्या दगडावर टेस्ट करून थांबू नका, मातीवर पण करा. नीट आकडा पाहिजे असेल तर मातीचा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि सामू (pH) आणि मुक्त चुना दोन्ही मागा. शेतीच्या भाषेत मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चुनखडीयुक्त धरतात. सामू 8 ते 8.5 मधे असेल तर चुन्याचा परिणाम समजा, त्याच्या बराच वर गेला तर जमीन चोपणाकडं, म्हणजे सोडियम जास्त आणि पाणी न मुरणारी, अशी झुकलेली असू शकते आणि तिथलं गवत वेगळं असतं.

हे सगळं आधी का, तर चुना जास्त असला की लोह, जस्त, स्फुरद मुळांना नीट मिळत नाही. शेतात हेच केवडा पडला म्हणून दिसतं, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. माळावरचं देशी गवत ह्याला सरावलेलं आहे, पण ते अशा ठिकाणी मुळातच विरळ आणि बुटकं असतं. म्हणजे चुनखडीच्या उथळ टेकाडावरचं गवत आणि खालच्या वट्यातल्या काळ्या मातीतलं गवत ह्यांची तुलना करायचीच नाही. नवीन माणूस इथंच फसतो, विरळ दिसलं की माळ बिघडला असं लिहून मोकळा होतो. त्या जमिनीत जेवढं यायला पाहिजे तेवढं आलंय का, प्रश्न एवढाच.

त्यासाठी तुलनेला एक चांगली जागा शोधून ठेवा. तशीच माती, तसाच उतार, पण चराई कमी. देवस्थानाची राखलेली जमीन, एखाद्याचं जुनं कुरण, वनखात्याचा कुंपणातला तुकडा, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूची रानं, काहीही चालेल. एखाद्या जुन्या कब्रस्तानात किंवा स्मशानभूमीच्या कडेला सुद्धा कधीकधी इतकं सुंदर बारमाही गवत टिकलेलं असतं की गावातल्या लोकांनाही माहीत नसतं.

कधी जायचं

दोनदा जा. पहिली फेरी पावसाळा सरताना, साधारण सप्टेंबरचा शेवट ते दसऱ्याच्या आसपास, कारण तेव्हा गवताला तुरे आलेले असतात आणि तुऱ्याशिवाय गवत ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. दुसरी फेरी उन्हाळ्यात, एप्रिलमधे. तेव्हा वर्षायू, म्हणजे एकाच हंगामापुरतं जगणारं, गवत सगळं उडून गेलेलं असतं आणि मागं जे काही राहिलं तीच माळाची खरी पुंजी. ज्यांना एकदाच जमणार आहे त्यांनी पावसाळ्याची फेरी घ्यावी, पण माझं मत विचाराल तर उन्हाळ्यातली फेरी जास्त खरं बोलते.

सोबत घ्यायचं ते एवढंच: 30 मीटरचा टेप नाहीतर दर 30 सेंटीमीटरला गाठ मारलेली दोरी, चार खुंट्या आणि सुतळी, लांब सळई, पहार, वही-पेन्सिल, मोबाईल, पाणी. पायात बूट पाहिजेतच, चपलेवर जाऊ नका, दगडाखाली फुरसं असतं आणि ते पटकन दिसत नाही. जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीत सांगून ठेवा, वनखात्याची असेल तर परवानगी घ्या.

आणि निघायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी, विशेष करून मेंढरामागं फिरलेल्या मामांशी बसून बोला. ह्या माळावर आधी कोणतं गवत होतं, कापायला किती यायचं, 72 च्या दुष्काळानंतर काय बदललं, कोणत्या वर्षापासून गाजरगवत दिसायलंय. ज्यांनी देवणी नाहीतर लाल कंधारी जनावरं ह्याच माळावर वाढवली त्यांना कोणतं गवत जनावर आधी खातंय आणि कोणतं शेवटपर्यंत तोंडात धरत नाही हे पाठ असतं. ही माहिती कुठल्याच सॅटेलाइटवर नाही. सॅटेलाइटवरचं पण बघा, गुगल अर्थवर जुन्या सालांचे फोटो बघता येतात, तिथं माळ कुठं नांगरला गेला, कुठं खड्डे पाडले, येडी बाभळ कुठून कुठं पसरली हे दिसतं.

गवत ओळखणं, ह्याला वेळ द्या

दख्खनच्या पठारावरचं गवत 1973 च्या देशपातळीवरच्या वर्गीकरणात सेहिमा-डायकँथियम ह्या प्रकारात येतं. आपल्या भाषेत सेहिमा म्हणजे पवन्या-शेड्याची जातकुळी आणि डायकँथियम म्हणजे मारवेलाची. माळावर पन्नास प्रकारचं गवत असेल पण सुरुवातीला सहा-सात ओळखता आले तरी काम भागतं.

मारवेल सगळ्यात आधी शिका. कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, ते बोटानं जाणवतं, आणि तुरा कोंबडीच्या पंजासारखा, एका जागेवरून चार-पाच जांभळट बोटं निघालेली. जरा ओल धरणाऱ्या, थोड्या खोल मातीत हे जास्त. शेडा उथळ मुरमाड जमिनीत, ठोंब करून वाढतो, तुरा एकेरी असतो आणि त्याला लांब कुसं. डोंगरी गवताचा तुरा मोकळा फुललेला, बारीक दांड्या गोल निघालेल्या आणि टोकाला तांबूस-सोनेरी केस, सकाळच्या उन्हात लांबूनच ओळखू येतं. अंजन गवताचं कणीस केसाळ, बोटभर लांब. ही चार जिथं ठोंबांनी दिसली तिथं माळ चांगला आहे असं समजायला हरकत नाही.

मग कुसळी. तिची कुसं एकमेकात पीळ घालून अडकतात, मेंढराच्या लोकरीत जातात, आपल्या पँटीत जातात. कुसळी काही वाईट नाही, कोवळी असताना जनावर खातंच, ती देशीच आहे, पण शेडा आणि डोंगरी चरून चरून संपायला लागलं की त्यांची जागा ती घेते. त्याच्याही पुढं माळ थकला की बारीक, उथळ मुळाचं, प्रत्येक बियाला तीन-तीन कुसं असलेलं ॲरिस्टिडा येतं, जे दोन पावसात उगवतं आणि दिवाळीपर्यंत वाळून जातं. म्हणजे शेडा-डोंगरी, मग कुसळी, मग तीन कुसाचं, मग टाकळा आणि उघडा मुरूम अशी ती उतरंड. तुमचा माळ ह्यातल्या कोणत्या पायरीवर आहे एवढं जरी तुम्हाला पहिल्या वर्षी सांगता आलं तरी खूप झालं.

नावं गावागणिक बदलतात, पाटोद्यात एक तर औशाला दुसरं, म्हणून वहीत गावातलं नाव लिहा, सोबत तुऱ्याचा, पेराचा आणि बुडाचा असे तीन फोटो ठेवा, आणि आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकून जाणकारांकडून शास्त्रीय नाव पक्कं करून घ्या.

बारमाही का वर्षायू हे कळत नसेल तर बुड धरून हलकं ओढा. सहज मुळासकट हातात आलं तर वर्षायू. ठोंब हलत नाही, बुडाशी मागच्या वर्षीचे वाळलेले खुंट आहेत, तर बारमाही. शंभर ठिकाणी नको, दोन-चार ठिकाणी करून हात बसला की पुढं नुसतं बघून कळतं.

गवताशिवायचं पण बघा. विष्णुक्रांता, गोधडी आणि तिच्या नात्यातली जमिनीलगतची शेंगवर्गीय रोपं, पहिल्या पावसानंतर कंदातून येणारी बारीक फुलं, हे सगळं चांगल्या माळाचं धन आहे. शेंगवर्गीय रोपं हवेतलं नत्र मातीत आणतात, ह्या भुकेल्या जमिनीत ते फार मोलाचं. तरवड मात्र विचार करून लिहा, तो इथलाच आहे आणि चुनखडीच्या जमिनीत येतोच, पण जनावर त्याला तोंड लावत नाही म्हणून चराई फार झाली की तोच तेवढा उरतो. म्हणजे थोडा तरवड ठीक, जिकडंतिकडं तरवडच तर धोका.

मोजमाप

आता दोरी काढा. एकाच प्रकारच्या मातीत निदान तीन ठिकाणी दोरी टाकायची, जागा आपल्या आवडीनं निवडायची नाही, चांगलं गवत दिसलं म्हणून तिथं टाकली की आकडा खोटा येतो. आधी नकाशावर ठिपके ठरवा आणि तिथंच जा, मग तिथं दगड असोत नाहीतर काटे. दोरी उताराच्या दिशेनं, वरून खाली ताणायची. दर 30 सेंटीमीटरला सळई सरळ उभी खाली सोडायची आणि टोक कशाला लागलं ते लिहायचं: बारमाही गवत, वर्षायू गवत, दुसरं रोप, वाळलेलं पातेरं, दगड, उघडी माती. 30 मीटरमधे 100 ठिपके होतात म्हणून जेवढे ठिपके तेवढेच टक्के, कॅल्क्युलेटर लागत नाही. समजा 100 मधे बारमाहीचे 30 आले, दगडाचे 20 आणि उघड्या मातीचे 12, तर तो उथळ बरडावरचा बऱ्यापैकी माळ. त्याच जमिनीत शेजारी बारमाही 5 आणि उघडी माती 45 आली तर विषय गंभीर आहे. दगड आणि उघडी माती एकात मिसळू नका, दगड पावसाचा मार खातो आणि खालची माती वाचवतो, उघडी माती मात्र वाहून जाते.

दोरी तशीच असताना अजून एक करा, दोन बारमाही ठोंबांमधलं अंतर मोजा. सरासरी काढायची घाई नको, मोठ्या मोकळ्या जागा किती आहेत ते बघा. पाणी मोकळ्या जागेतून जोर धरतं, ठोंब मधे आला की अडतं आणि गाळ टाकतं. वरच्या अंगाला गाळ आणि काडीकचरा अडकलेला ठोंब दिसला तर समजा तो आपलं काम करतोय. उलट ठोंब मातीच्या वर बोट-दोन बोट उचलल्यासारखा उभा आहे, मुळं दिसायलीत, दगडांवर जुन्या मातीची रेष राहिलीय, तर तिथली माती गेलेली आहे, आणि ही माती परत तयार व्हायला आपल्या कितीतरी पिढ्या जातात. उताराच्या आडवं चालत जाऊन बारीक ओघळ आणि घळी मोजा, त्यांच्या कडा ताज्या तुटलेल्या आहेत का गवतानं धरलेल्या आहेत हे पण लिहा.

दोरीच्या सुरुवातीला आणि शेवटी खुंट्या-सुतळीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करून त्यातली सगळी रोपं मोजा. ओळखू आलं नाही तर "अनोळखी 1, अनोळखी 2" असं लिहून फोटो काढा, पण सोडू नका.

माती बघायला दोन सोप्या टेस्ट. ठोंबाखालचं वाळलेलं ढेकूळ आणि उघड्या जागेवरचं ढेकूळ, दोन्ही बोराएवढी, पाण्याच्या दोन ग्लासात अलगद सोडा. जे लगेच विरघळून गढूळ होतं त्या मातीत जीव राहिलेला नाही, मुळांचा आणि सेंद्रिय पदार्थांचा धरबंध सुटलाय. दुसरी, दोन्हीकडून उघडा पत्र्याचा डबा दोन बोटं जमिनीत ठोकून त्यात लिटरभर पाणी ओता आणि किती वेळात मुरतं ते बघा. ठोंबाजवळ एकदा आणि जनावरांच्या वाटेवर एकदा. आकड्यापेक्षा दोन्हीतला फरक महत्त्वाचा, आणि डबा दरवेळी तोच ठेवा.

परके आणि लावलेले

गाजरगवत, येडी बाभळ, घाणेरी, रानतुळस हे चार मुख्य. सगळे बाहेरच्या देशातून आलेले, गाजरगवताची तर आपल्याकडची पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकातली, पुण्याची. प्रत्येकाचं पसरलेलं क्षेत्र पावलांनी मोजा आणि मुख्य म्हणजे ते कुठून येतंय ते लिहा. बहुतेकदा रस्त्याच्या कडेनं, मुरूम उपसलेल्या खड्ड्यापासून, नाहीतर जेसीबीनं चर खणले तिथून सुरुवात होते. गाजरगवत उघड्या हातानं उपटू नका, अंगाला खाज आणि पुरळ येतं, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर फुलोऱ्याच्या दिवसात लांबच राहावं.

लावलेल्या झाडांबद्दल मला मनापासून सांगायचंय. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी चांगल्या हेतूनं लावतात हे मान्य, पण मुळातलं बारमाही गवत खणून काढून तिथं ओळीनं खड्डे पाडणं म्हणजे माळ मोडणं. त्या वीतभर मातीखाली चुनखडीचा आणि मुरमाचा थर, खड्ड्यातून तोच वर येतो आणि गवताच्या मुळावर पसरतो. चांगल्या माळावर हिवर, बोर, खैर, पळस अशी देशी झाडं विरळच असतात आणि विरळच असायला पाहिजेत. लावणी झाली असेल तर किती भागात, कोणत्या साली, झाडं जगली किती आणि दोन ओळींमधे आता काय उगवलंय हे सगळं नोंदवा.

चराई, आग आणि जिवंत खुणा

चराई म्हणजे नुकसान असं समजू नका. हा माळ काळविटांनी, गायींनी, मेंढरांनी चरतच घडलेला आहे, चराई पूर्ण बंद केली तर वाळलेल्या गवताची गादी साचते आणि नवीन फुटवा दबतो. बघायचं ते एवढंच की उन्हाळ्याच्या तोंडाशी बारमाही ठोंब किती उंचीवर राहिलाय. अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं तर ठोंब पुढच्या जूनला जोरात फुटतो, दरवर्षी बुडापर्यंत गेलं तर मुळं आखूड होत जातात. वणवा लागला असेल तर महिना लिहा, दरसाल लागतोय का एखाद्या सालीच ते विचारा. पावसाळ्यात शेणाचा पो उलटून बघा, शेणकिड्यांनी पोखरून खाली नेला असेल तर माती जिवंत आहे.

पक्षी सकाळी लवकर. धाविक, माळटिटवी, डोंबारी, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे, हिवाळ्यात गवतावरून खाली खाली उडणारे भोवत्या. धाविक आणि माळटिटवीला अंड्यांसाठी उघडी, खडकाळ जागा लागते, म्हणून 100 टक्के गवतानं झाकलेला माळ हे ध्येय नाहीच, उंच गवत, बुटकं गवत आणि थोडी उघडी बरडं असं मिश्रण पाहिजे. मार्च ते जूनमधे पाय जपून टाका. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट दिसले तर तारीख आणि ढोबळ भाग लिहा, पण लांडग्याच्या बिळाची नेमकी जागा कुठंही टाकू नका. माळढोकासाठी शेजारच्या सोलापूर-नगरच्या माळांवर 1979 मधे अभयारण्य झालं, आणि तरी तो पक्षी आज दिसणं दुर्मिळ झालंय, गवत टिकलं आणि मोकळी जागा तुटली तरी काय होतं ते तिथं दिसतं.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक दोरीच्या सुरुवातीला मोठा दगड रंगवून ठेवा, जीपीएस लिहून घ्या आणि तिथं उभं राहून छातीच्या उंचीवरून चार दिशांचे चार फोटो काढा, प्रत्येकात क्षितिज आलं पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच दगडावर. त्या वर्षीचा पाऊस शेजारच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घेऊन वहीत चिकटवा, कारण आपल्याकडं एक साल 900 तर दुसरं 400 असं होतं आणि गवत कमी आलं ते पावसानं का चराईनं हे त्याशिवाय वेगळं करता येत नाही. वर्षायू गवत पावसाबरोबर वरखाली होतंच, त्याच्यावरून घाबरू नका, बारमाहीचे ठिपके मात्र सलग तीन वर्षं घटत असतील तर ते पावसाच्या माथी मारता येणार नाही.

शेवटी एक पान लिहा, जास्त नको. जमीन कोणती, उतरंडीवर माळ कुठं, बारमाही किती, उघडी माती किती, परकं काय आणि कुठून, चराई कशी, आणि तुलनेच्या जागेपेक्षा कुठं कमी पडतोय. हे पान ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं द्या आणि जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला पाहिजे, कागदावर असेल तर सरपंचांना भेटून बैठक लावायला सांगा. गायरानावर सोलर, लावणी किंवा मुरमाचा ठेका आला की पहिला मुद्दा निघतो तो म्हणजे ही जमीन पडीक आहे, आणि त्या बैठकीत तारखेसकट, फोटोसकट, ठिपक्यांसकट दोन-तीन सालांची नोंद समोर ठेवता आली पाहिजे. म्हणून पहिली दोरी ह्याच दसऱ्याला टाका, पुढच्या साली नको.